बेलीझचा दर्या: वरून, आतून आणि गळाच्या टोकाला

पहिला दिवस, शनिवार

दादा मालवणजवळच्या देवबागहून ह्यूस्टनला आला तो कोकमं, तिरफळं आणि वहिनीने भाजून दळलेला मालवणी मसाला घेऊन. त्यातली मसाल्याची एक बंद पुडी मी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या सहलीच्या बॅगेत टाकली. कशासाठी ते तेव्हा ठरलं नव्हतं, पण दर्यावर जायचं आणि मसाला सोबत नाही हे आम्हा भावंडांना जमत नाही.

आम्ही सहा जण होतो. मी आणि नवरा, मूळचे नागपूरचे डॉक्टर आणि त्यांची बायको, टेक्सासात शिकणारा नवऱ्याचा भाचा आणि माझा दादा. डॉक्टर, नवरा आणि भाचा हे पक्के डायव्हर. मी पहिल्यांदा पाण्याखाली गेले ती तारकर्लीला, नंतर इकडे येऊन अठरा मीटरपर्यंतचं प्रमाणपत्र घेतलं. दादा एकसष्ट वर्षांचा. चाळीसेक वर्षं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेला, कर्लीच्या खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकलेला. अमेरिकेतली शहरं बघायचा त्याला कंटाळा आला होता. बेलीझला दर्यावर जायचं म्हटल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मासो आसा मां थंय?"

ह्यूस्टनहून बेलीझ सिटी अडीच तासांवर आहे. तिथून ‘अँबरग्रीस की’ या बेटावरच्या सॅन पेड्रो गावी छोटं सेस्ना विमान जातं, वीस मिनिटांचंही नाही ते उड्डाण. पायलटच्या शेजारची जागा रिकामी होती, ती दादाला मिळाली. खाली पाण्याचे पट्टे दिसत होते: खारफुटीलगत चहाच्या रंगाचं पाणी, मग गवताचे हिरवट तपकिरी डाग, मग दुधाळ निळं उथळ, आणि दूर पूर्वेला फेसाची एक लांब पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. तिच्यापलीकडे एकदम गडद निळं. बेलीझच्या किनाऱ्यासमोर ही भिंत सुमारे तीनशे किलोमीटर पसरली आहे.

कार्यक्रम डॉक्टरांनी आखला होता: आधी डायव्हिंगचे तीन दिवस, मग मासेमारीचे दोन. हा क्रम हौसेने ठरलेला नाही. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे शेवटच्या डायव्हनंतर निदान अठरा तास तरी उडायचं नाही. ते छोटं सेस्नासुद्धा त्यात आलं. अशी जोड सहल आखणाऱ्यांनी मासेमारी शेवटीच ठेवावी, म्हणजे ते तास बोटीवर आपोआप निघून जातात.

संध्याकाळी धक्क्यावर दादा लाकडी खांबांवरची पाण्याची खूण बघत बराच वेळ उभा होता. म्हणाला, इथली भरती वीतभराचीच आहे. खरंच होतं ते. आमच्याकडे पुरुषभर पाणी चढतं-उतरतं. इथे भरती-ओहोटी डोळ्यांना कळतही नाही, पण माशांना कळते.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी फ्राय जॅक्स खाल्ले. मैद्याच्या पिठाच्या तळलेल्या, फुगलेल्या त्रिकोणी पुऱ्या, सोबत वाटलेल्या घेवड्याची उसळ आणि अंडं. आमच्या भटुऱ्याची सख्खी बहीण.

मग होल चान. माया भाषेत या नावाचा अर्थ छोटी वाट. प्रवाळाच्या भिंतीत इथे एक खिंड आहे, तीसेक फूट खोल, आणि तिच्यातून भरतीचं पाणी आत-बाहेर करतं. जिथे पाणी वाहतं तिथे मासे, हे दादाला सांगावं लागलं नाही. आम्ही टाक्या बांधून खाली गेलो. डॉक्टरांच्या बायकोचा कान दबला, दहा फुटांखाली उतरेना. तिने जबरदस्ती केली नाही, वर येऊन थांबली, हे बरं केलं. दादासाठी आम्ही मास्क, नळी आणि पायातले पंख घेतले होते. पोहणाऱ्याला त्यात शिकायचं फारसं नसतं. तो गाईडबरोबर पृष्ठभागावर तरंगत राहिला.

खाली मोठमोठे ग्रूपर मासे स्वस्थ बसले होते, माणसाला बाजूही देत नव्हते. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते आणि तो आवाज कानात स्पष्ट येत होता, कुणी शेजारी चणे खावेत तसा. कुरतडलेल्या प्रवाळाची त्यांच्या पोटात वाळू होते, पुळणीवरच्या पांढऱ्या वाळूचा मोठा भाग त्यांच्याच अंगातून आलेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते प्रवाळावरचं शेवाळ खाऊन त्याला मोकळं ठेवतात. म्हणून बेलीझने 2009 मध्ये पोपटमासे पकडायलाच बंदी केली.

पुढचा थांबा शार्क रे अ‍ॅली. पूर्वी कोळी या जागी थांबून मासळी साफ करायचे, त्या आतड्या-डोक्यांवर नर्स शार्क आणि पाखटं जमायची. कोळ्यांच्या जागी पर्यटक आले तरी ती बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकला की अजून येतात. मला आमच्या अंगणातली मासे कापायची जागा आठवली. विळी काढली की मांजरं हजर.

मी पाण्याबाहेर आले तेव्हा दादा बोटीच्या कडेला बसला होता. मास्क कपाळावर, डोळे लाल. खारं पाणी गेलं असेल म्हणून मी टॉवेल दिला. त्याने तो नुसता हातात धरला.

"बाय, आमी आयुष्यभर दर्यो वरसूनच बगलंव."

मला काही बोलता आलं नाही. चाळीस वर्षं ज्याच्या जिवावर घर चाललं, त्याचा तळ त्याने आज पहिल्यांदा बघितला होता. मी तारकर्लीला डायव्हिंग केलं होतं तेव्हा त्याला का नेलं नाही, हे मला अजून लागून राहिलं आहे. घरापासून चार किलोमीटर नसेल ती जागा.

परतताना गाईडने सांगितलं की त्याचे वडील याच खिंडीत मासे धरायचे. 1987 मध्ये होल चान राखीव झालं आणि मासेमारी बंद झाली, तेव्हा त्यांनी दोन वर्षं सरकारला शिव्या दिल्या. मी ते साल ऐकून चमकले. मालवणचं सागरी अभयारण्यही 1987 मध्येच जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यासकट, 29 चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. आमच्या घरी तेव्हा कुणी आनंद मानला नव्हता. पोटावर पाय येणार एवढंच सगळ्यांना दिसलं होतं. दादाने गाईडला विचारायला लावलं, मग तुझे वडील गप्प कधी झाले? गाईड म्हणाला, खिंडीच्या बाहेर टाकलेल्या गळाला जेव्हा मोठे मासे लागायला लागले तेव्हा. इथे आत बंदी आहे, पण बाहेर त्यांचा हक्क शाबूत राहिला आणि आत माणसं न्यायचं कामही त्यांच्याच मुलांना मिळालं. दादा त्यानंतर बराच वेळ गप्प होता. आमच्याकडे अभयारण्याचा कागद आला तेव्हा त्याच्या मागोमाग असं कुणी काही घेऊन आलं नव्हतं.

तिसरा दिवस, सोमवार

पहाटे साडेपाचला बोट सुटली. ग्रेट ब्लू होलला जायला अडीच तास लागतात आणि टर्नेफ हे प्रवाळबेट ओलांडल्यावर मोकळा समुद्र येतो. लाटा बोटीला आपटत होत्या. डॉक्टरांची बायको आडवी झाली ती ब्लू होल जिथे आहे ते लाइटहाऊस रीफ येईपर्यंत उठली नाही. दादा तिच्याजवळ बसून तिला क्षितिजाकडे बघत राहायला सांगत होता.

ब्लू होल वरून गोल, सुमारे तीनशे मीटर रुंद, सव्वाशे मीटर खोल. 1971 मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कुस्तो आपलं कॅलिप्सो जहाज घेऊन इथे आले आणि जगाला ही जागा माहीत झाली. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती, तेव्हा ही चुनखडीतली कोरडी गुहा होती. थेंब थेंब पाझरून छतावरून दगडाचे खांब लोंबले. पुढे छत कोसळलं, पाणी चढलं आणि गुहा बुडाली. खांब बघायचे तर चाळीस मीटर खाली जावं लागतं, तिथे मिळतात आठेक मिनिटं.

माझं प्रमाणपत्र तेवढ्या खोलीचं नाही. मी आणि दादा वरच्या कडेवर तरंगलो. पायाखाली चार फुटांवर प्रवाळ, आणि एक हात पुढे गेलं की काहीच नाही, नुसता निळा काळोख. त्या काळोखातून बुडबुडे वर येत होते, आमच्या माणसांच्या श्वासांचे. दादा ते मोजत होता. नवरा वर आल्यावर म्हणाला, खाली मासे जवळजवळ नव्हते, पण दोन माणसांच्या कवेत न मावणारा दगडी खांब पाण्यात लोंबताना बघून अंगावर काटा आला. भाच्याला मात्र त्या अंधारात मन रमलं नाही. दोघांचंही मला पटलं.

माझ्यासाठी दिवस पुढे सुरू झाला. ‘हाफ मून की’ या बेटाजवळच्या प्रवाळाच्या भिंतीवर आम्ही डायव्हरांनी मिळून डायव्ह केला. पांढऱ्या वाळूवर बागेतली रोपं उगवावीत तशा शेकडो ईल अर्ध्या बाहेर डुलत होत्या, जवळ गेलं की बिळात. मग वाळू संपते आणि कडा सरळ खाली जातो. ठिपक्यांचं एक पाखट त्या कड्यावरून पंख हलवत आलं आणि माझ्या खालून गेलं. मी श्वास घ्यायचं विसरले नाही, कारण डायव्हिंगमध्ये तो पहिला नियम आहे, पण हात-पाय हलवायचं विसरले.

दुपारचं जेवण बेटावरच होतं. तिथे झाडांच्या शेंड्याएवढ्या उंचीवर एक मचाण आहे. वर चढलं की लाल पायांचे बूबी पक्षी हाताच्या अंतरावर घरट्यांत बसलेले, कापसासारखी पिल्लं पोटाखाली.

चौथा दिवस, मंगळवार

सकाळी गावासमोरच्या प्रवाळात दोन डायव्ह. इथे प्रवाळाचे कंगोरे आणि मधल्या वाळूच्या घळी असा नांगरलेल्या शेतासारखा तळ आहे. गाईडने भाल्याने तीन लायनफिश मारले. हा मासा मूळचा आमच्या बाजूच्या महासागरांतला. कॅरिबियनमध्ये त्याला खाणारं फारसं कुणी नाही आणि तो इथली पिल्लं फस्त करतो, म्हणून तो मारायला उत्तेजन देतात. काटे विषारी, मांस गोड. संध्याकाळी तळून खाल्ला.

बारा वाजता टाक्या परत केल्या. पुढे पाण्याखाली जायचं नव्हतं.

चारच्या उन्हात पुळणीवर फ्लाय फेकायची शिकवणी झाली. फ्लाय म्हणजे गळाला पिसं, केस आणि चकचकीत दोरा बांधून केलेली कोळंबीची किंवा कुर्लीची नक्कल. तिला वजन जवळपास नसतं, त्यामुळे ती दगडासारखी भिरकावता येत नाही. वजन असतं जाड दोरीला. दोरी मागे न्यायची, ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे सोडायची. सगळे चुकतात ते त्या थांबण्यात. आम्ही पाचही जण घाई करत होतो आणि दोरी डोक्यावर येऊन पडत होती. दादाने दोन वेळा पाहिलं, तिसऱ्यांदा फेकली आणि दोरी सरळ पन्नास फूट गेली. गाईडने विचारलं, आधी केलंय का? मी म्हटलं, पाग टाकतो. पाग कसा ते हातवारे करून सांगितलं. अर्धं जाळं खांद्यावर, कडा बोटांत, कंबरेतून झोक, आणि हवेत ताटासारखं गोल उघडेपर्यंत हात आवरून धरायचा. गाईड म्हणाला, मग तुला फक्त मासा दाखवायचा राहिला.

पाचवा दिवस, बुधवार

तीन पांगा, प्रत्येकीत दोघं आणि एक गाईड. पांगा ही उथळ पाण्यात चालणारी लांबट, हलकी बोट. दादा आणि मी एकीत. बेटाच्या मागच्या बाजूला, खारफुटीच्या आडोशाला गेल्यावर गाईडने इंजिन बंद केलं आणि लांब दांड्याने बोट ढकलायला सुरुवात केली. पुढचे आठ तास एकही मोठा आवाज नाही. बोलणं कुजबुजून. खोक्याचं झाकण आपटायचं नाही, पाय घासायचा नाही. गुडघाभर पाण्यातला मासा सगळं ऐकतो.

बोनफिश म्हणजे दोन-तीन पौंडांचा, बंदुकीच्या गोळीसारखा मासा. खवले आरशासारखे, ज्या तळावरून जाईल त्याचा रंग घेणारे. तो स्वतः दिसत नाही, वाळूवर त्याची सावली दिसते. गाईड वरून सांगत होता, अकरा वाजता, चाळीस फूट. बोटीचं नाक म्हणजे बारा. मला अकराच्या दिशेला नुसतं पाणी दिसत होतं. अर्धा तास मी नुसत्या गवताच्या काड्यांवर फ्लाय टाकत होते.

मग दादा माझ्या कानाशी म्हणाला, "पाणी थंय थरथरता, बगलंस?"

गाईडने अजून काही सांगितलं नव्हतं. तो दादाच्या बोटाच्या दिशेने बघत राहिला, आणि म्हणाला, बरोबर आहे, पंचवीस-तीस आहेत. वारा सगळ्या पाण्यावर एकसारख्या सुरकुत्या पाडत होता, पण एका ठिकाणी त्या उलट्या होत्या. खालून थवा येत होता. आमच्याकडे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी शेवटं या माशांचा थवा चढताना असंच दिसतं, लहानपणी बाबांनी मलाही दाखवलं होतं. मी ते विसरले होते. दादा विसरला नव्हता.

मी फेकली, थव्यापुढे पडली, दोन झटके ओढली, आणि मासा लागल्यावर काठी वर उचलली. ही मोठी चूक. काठी उचलली की फ्लाय माशाच्या तोंडातून निसटते. काठी खालीच ठेवून हाताने दोरी मागे ओढायची असते. थवा फुटला. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

अकराच्या सुमारास दादाला लागला. त्याने दोरी ओढली आणि मासा निघाला. एवढासा मासा, पण रीळ किंचाळायला लागलं आणि दोरी समोरचं पाणी कापत शंभर यार्ड गेली. दादा दोरी बोटांत धरायला गेला, गाईडने ओरडून सोडायला लावली, नाहीतर बोट कापलं असतं. पंधरा मिनिटांनी मासा बोटीशी आला. गाईड पाण्यात उतरला, हात ओले केले, मासा पाण्यातच धरून चिमट्याने गळ काढला. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला होता, त्यामुळे गळ लगेच सुटला. मग त्याने दादाला खाली बोलावलं आणि मासा त्याच्या हातात दिला.

"गावलेलो मासो सोडूचो कित्याक?" दादाने मला विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

मी गाईडला विचारलं. त्याने सांगितलं ते असं. 2009 पासून बेलीझमध्ये बोनफिश, परमिट आणि टार्पन हे तीन मासे कुणीही ठेवू शकत नाही, पकडलेच तर सोडायचे, असा कायदा आहे. 2020 मध्ये गिलनेट जाळ्यांवरही बंदी आली. बोनफिशला काटे फार, बाजारात किंमत थोडी. पण जिवंत राहिला तर तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पकडता येतो, आणि प्रत्येक वेळी एका बोटीच्या, एका घराच्या दिवसाची कमाई होते. आणि हा मासा एका जागेचा नाही. पूर्ण चंद्राच्या आसपास तो उथळ सोडून प्रवाळापलीकडच्या खोल पाण्यात जाऊन अंडी घालतो. पिल्लं काचेच्या पानासारखी चपटी, पारदर्शक. ती काही आठवडे प्रवाहात वाहत जातात आणि कुठल्या तरी किनाऱ्याला लागून मग मासा होतात. म्हणजे आम्ही सोमवारी ज्या कड्यावरून खाली बघितलं, तसल्याच काळ्या पाण्यातून हा मासा या गुडघाभर पाण्यात आला होता.

दादा ऐकत होता. दोन्ही हातांनी मासा धरून होता, तोंड प्रवाहाकडे केलेलं. कल्ले हलत होते. शेपटीने जोर घेतल्यावर त्याने हात उघडले. मासा दोन फुटांवर जाऊन थांबला आणि मग तिथे फक्त वाळू दिसत होती.

मला दुपारी एक मिळाला, एका पौंडाचा. पण मला आठवतो तो दादाचाच.

सहावा दिवस, गुरुवार

वारा वाढला. उघड्या पाण्यावर काहीच दिसेना, म्हणून आम्ही खारफुटीच्या आत गेलो. सकाळी परमिटचा एक जोड दिसला, मोठाल्या पापलेटासारखे, काळ्या कोयत्यासारखी शेपटी पाण्याबाहेर. डॉक्टरांनी कुर्लीची फ्लाय अगदी नाकापुढे टाकली. एकाने जवळ जाऊन पाहिली आणि वळला. हा मासा हजार वेळा नकार देतो म्हणतात. डॉक्टर दिवसभर त्याच एका माशाबद्दल बोलत होते.

टार्पन भाच्याला लागला. हा मासा वर येऊन हवा गिळतो, तेव्हा त्याची पाठ चांदीच्या पत्र्यासारखी चमकते. तो उडाला तेव्हा काठी खाली झुकवून दोरी सैल सोडायची असते. भाच्याने ती ताणून धरली. दुसऱ्या उडीत दोरा तुटला. पोरगा थरथरत खाली बसला. नंतर त्याच्या बाहीत गळ अडकला, पण उलटा काटा सपाट केलेला असल्यामुळे ओढताच निघाला.

जेवायला आम्ही एका वाळूच्या बेटावर थांबलो. स्नॅपर, म्हणजे आपली तांबोशीच्या जातीची मासळी, ठेवायला परवानगी आहे, आणि गाईडांनी खारफुटीच्या मुळांशी चार पकडल्या होत्या. इथे लोक लिंबू, कांदा आणि हाबानेरो मिरचीचा तिखट सॉस घालून पानात गुंडाळून भाजतात. मी पुडी काढली. दादाने मासळी साफ केली, दोन्ही बाजूंनी चिरा दिल्या, मीठ, लिंबू आणि वहिनीचा मसाला चोळला आणि निखाऱ्यावर ठेवली. एका गाईडने पहिला घास घेतला आणि म्हणाला, ही टकारीची चव आहे. त्याची आजी दक्षिणेकडच्या टोलेडोची, तिच्या घरी टकारी शिजायची. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर आणले, त्यांच्यातलं तिचं घराणं. भाषा गेली, नावं बदलली, तरकारी तेवढी टकारी होऊन राहिली. दादाने उरलेली पुडी घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

सातवा दिवस, शुक्रवार

सकाळचं विमान. निघताना आमच्या गाईडने दादाला एक फ्लाय दिली, गुलाबी, मण्यांच्या डोळ्यांची. दादाने ती टोपीला टोचली. धक्क्यावरून जाताना त्याने मला विचारलं की तारकर्लीचे डायव्हिंगवाले एकसष्ट वर्षांच्या माणसाला खाली नेतात का. प्रकृती तपासून नेतात, मी म्हटलं. वहिनीलाही नेतील का, त्याने विचारलं.

या वेळीही तो पायलटच्या शेजारी बसला. विमान वळलं तशी ती फेसाची रेघ, दुधाळ निळं, गवताचे डाग आणि चहाच्या रंगाचं पाणी पुन्हा खालून सरकायला लागलं. इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तो काचेवर बोट ठेवून पायलटला काहीतरी दाखवत होता, आणि पायलट मान हलवत होता.

खाली उतरल्यावर मी विचारलं, काय दाखवत होतास?

"पाणी खंय चढता ता."